कुंकवाचं बोट

हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नाही. आणि त्यांच्यापासून मी एरवी काही लपवत नाही, लपवायला जमतही नाही, कारण मी जरा गप्प बसले की ते लगेच विचारतात, बरं नाहीये का? अकोल्याच्या बहिणीशी मी फोनवर पोट भरेपर्यंत बोलते, पण बोलता बोलता ही गोष्ट जवळ आली की मी भाजीच्या भावाकडे वळते. ह्या नवरात्रात मात्र एका माणसाला सांगितली. जिला सगळ्यात आधी सांगायला हवी होती, तिला. आणि आता वाटतंय की एकदा नीट, पहिल्यापासून लिहून टाकावी. तुम्ही माझ्या समोर बसलाय असं समजून बोलते.

कुठून सुरुवात करू? माझ्यापासूनच करते, कारण दोष माझाच आहे.

आम्ही मूळचे अकोल्याचे. यजमानांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे लखनौला आलो. बदली होईल, होईल म्हणता म्हणता अलीगंजमध्ये घर घेतलं आणि इथलेच झालो. मी बँकेत अधिकारी होते, आता निवृत्त आहे. एकच मुलगी, केतकी. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आणि काही हवं असलं की गोड आवाजात मराठीवर येते. घरात हुकूम माझा चालतो. हे मी अभिमानाने सांगत नाही — बरं, थोडं अभिमानानेच सांगते. सोफ्याचा रंग, सुट्टीचं गाव, यजमानांचा स्वेटर, सगळं मी ठरवणार. त्यामुळे केतकीने बी.कॉम. झाल्यावर बँकेच्या परीक्षेला बसायचं, हेही मी ठरवून टाकलं होतं.

तिचं मन भलतीकडेच होतं. जी घरं अजून बांधलेली नाहीत, त्यांची चित्रं ती कॉम्प्युटरवर करायची. नकाशावरून असं घर उभं करायची की वाटावं, आता कुणी तरी बाल्कनीत कपडे वाळत घालायला बाहेर येईल. सरोजिनी नगरला एक आर्किटेक्ट बाई होत्या. त्यांनी तिला एका घराचा नकाशा दिला होता. दिवाळीपर्यंत चित्र करून दाखव, आवडलं तर माझ्याकडेच काम कर, असं म्हणाल्या होत्या. केतकीचा जुना लॅपटॉप त्या घराची पहिली भिंत उभी करतानाच मान टाकायचा. मग तिने ठरवलं की कॉम्प्युटर स्वतः जोडायचा. ट्यूशन घेऊन साठवलेल्या पैशांतून तिने एकेक भाग आणला.

तयार मिळत नाहीत का, असं मी विचारलं. "आई, खुद बनाने में मजा है," ती म्हणाली. मी नाक मुरडलं.

आमचं जेवणाचं टेबल तिने ताब्यात घेतलं. आम्ही दोघं मांडीवर ताटं घेऊन जेवायचो आणि ती तिथे खोक्यांच्या ढिगाऱ्यात उभी. कुठल्याही भागाला हात लावायच्या आधी लोखंडी कपाटाला हात लावायची — अंगातली वीज उतरून जाते म्हणे. स्क्रू फिरवताना जीभ बाहेर यायची, अगदी शाळेत असताना माझा बंद पडलेला मिक्सर तिने खोलून दुरुस्त केला होता तेव्हा यायची तशी. मला कौतुक वाटत होतं. खूप वाटत होतं. बोलून दाखवलं का? नाही.

आणि एका दुपारी तो सुरू झाला. आतले पंखे घुमले, पडदा उजळला, जोडलेल्या भागांची नावं त्यावर आली. केतकीने माझे दोन्ही हात धरून मला गिरकी दिली. आता फक्त ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची राहिली होती, म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं चालतं ते. ते संध्याकाळी करू म्हणून ती विकास नगरला ट्यूशनला निघाली. दारातून वळून म्हणाली, "आई, इसको हाथ मत लगाना. प्लीज." मी म्हटलं, मला काय करायचंय तुझ्या त्या डब्याशी?

आता नेमकं — त्या दिवशी खंडेनवमी होती.

इथे लखनौत लोक विश्वकर्मा पूजा करतात, दिवाळीत करतात, पण माझी खंडेनवमी कधी चुकलेली नाही. त्या सकाळी माझं शिवणयंत्राला, मिक्सरला, स्कूटरला, यजमानांच्या पाने-पकडींना हळदकुंकू वाहून झालं होतं. विळीसुद्धा सोडली नव्हती. आणि घरातलं सगळ्यात नवं यंत्र, माझ्या मुलीने स्वतःच्या हातांनी जोडलेलं, ते तेवढं कोऱ्या कपाळाने बसलं होतं. तुम्हीच सांगा, राहवलं असतं तुम्हाला? मी करंडा आणि अक्षता घेऊन टेबलाशी गेले.

तिथपर्यंतही ठीक होतं. बाहेरून बोट टेकवून परत आले असते तर आज तुमच्याशी बोलायला काही नव्हतं. पण मी विचार केला. (मी विचार केला की काहीतरी होतं, असं यजमान म्हणतात.) शिवणयंत्राची पूजा करताना आपण त्याच्या झाकणाला कुंकू लावतो का? नाही ना? मग ह्याच्या डब्याला लावून काय उपयोग? यंत्र तर आत आहे. त्याची एका बाजूची काच केतकीने काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. आत दोन काळ्या, अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, नीटनेटक्या. मला त्या कपाळासारख्या वाटल्या. नाव तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत आहे — रॅम. काम करताना कॉम्प्युटर जे जे लक्षात ठेवतो, ते तिथे ठेवतो.

कुंकू मी पाण्यात कालवून ओलं केलं होतं, म्हणजे झडायला नको. एका पट्टीला बोट टेकवलं आणि एक ओघळ सरळ खाली गेला. वरून अक्षता टाकल्या, त्यातले दाणे आत पडले. दाणे काढायला बोटं घातली, तर कुठलीशी खिट्टी दाबली गेली आणि ती पट्टी उचलून माझ्या हातात आली. मी ती पदराने पुसली, दाणे वेचले, पट्टी परत खाचेत बसवून दाबली. टक् असा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला. टेबल पुसलं, करंडा जागेवर ठेवला, आणि साळसूदपणे मालिका बघत बसले.

संध्याकाळी केतकीने पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर आकडा चढायला लागला. अर्ध्यापर्यंत गेला आणि थांबला. एक फाइल खराब आहे किंवा सापडत नाही, असा निरोप आला. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ह्या वेळी आणखी आधीच थांबला. तिसऱ्यांदा पुष्कळ पुढे गेला, आम्ही तिघंही टेबलाभोवती उभे — आणि पुन्हा तोच निरोप.

मग जे सुरू झालं ते कितीतरी दिवस चाललं. दुसरा पेनड्राइव्ह आणला. सगळी फाइल इंटरनेटवरून पुन्हा उतरवून घेतली. डिस्क एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावली. कॉम्प्युटर सुरू होताना जे निळं पान येतं, त्यावरच्या सेटिंग्ज बदलल्या, परत होत्या तशा केल्या. दसरा आला. इथे आपट्याची पानं मिळत नाहीत, म्हणून आम्ही कोपऱ्यावरच्या कचनारची, म्हणजे कांचनाची, पानं सोनं म्हणून वाटतो. केतकीने पडद्यावरची नजर न काढताच पान माझ्या हातात ठेवलं. तिची नखं खाऊन खाऊन बोटं लाल झाली होती. दिवाळी जवळ येत होती.

मला माहीत होतं का? — हाच प्रश्न तुमच्या मनात आहे ना? पहिल्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की चिमूटभर कुंकवाने काय होतंय! पण मी बँकेत खोट्या सह्या ओळखणारी बाई. मला माझी सही ओळखता येणार नाही? दुसऱ्या दिवसापासून मला पुरतं माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. मग का बोलले नाही? आधी लाज. सगळ्यांना शिस्त लावणारी मी, आणि हात लावू नको सांगितलेल्या वस्तूला हात लावून मोकळी. तिच्यासमोर मान खाली घालायची मला सवय नव्हती. मी मूग गिळून बसले.

पण तेवढंच असतं तर बरं झालं असतं. दुसरं कारण सांगायला जीभ रेटत नाही. सांगते. — तो कॉम्प्युटर चालत नव्हता, हे मला सोयीचं होतं. तो चालला नसता तर चित्र झालं नसतं, चित्र झालं नसतं तर सरोजिनी नगर सुटलं असतं, आणि मग बँकेच्या परीक्षेची पुस्तकं कपाटात तयारच होती. मी काही केलं नव्हतं, असं मी स्वतःला समजावत होते. नुसती गप्प होते.

आणि मग मी गप्पही राहिले नाही.

त्या दुपारी केतकीची मैत्रीण शिवांगी फोनवर होती. तिला यातलं कळायचं. केतकीने फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. शिवांगी म्हणाली, रॅमच्या दोन पट्ट्या आहेत ना, एकेक लावून बघ. एक काढ, दुसरीवर चालवून बघ. नाही झालं तर उलट कर. केतकीने एक काढली. उरली ती माझी, कुंकवाची. आकडा थोडा चढला आणि थांबला. "अब दूसरी देखती हूँ," असं म्हणून तिने फोन ठेवला, वीज बंद केली आणि आत उरलेली पट्टी काढायला हात नेला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला कळलं की आता ती कुंकवाची पट्टी बाहेर येणार. पट्टीच्या खालच्या कडेला, खाचेत बसणाऱ्या सोनेरी दातांवर लाल दिसणार. आणि केतकी मान वर करून माझ्याकडे बघणार.

मी म्हणाले, "केतकी, पुरे झालं. हे तुझ्या हातचं काम नाही. त्या बाईंना नाही म्हणून कळवून टाक."

तिचा हात तिथेच थांबला. ही मुलगी लहानपणापासून माझं एक ऐकत नव्हती. दूध पी म्हटलं की पळायची, स्वेटर घाल म्हटलं की काढायची. नेमकं ते वाक्य तिने ऐकलं. तिने हात मागे घेतला. मग काढलेली पट्टी परत लावली, काच बसवली, एकेक स्क्रू घट्ट केला, आणि खोकं माळ्यावर गेलं. मी संध्याकाळी तिच्यासाठी पुरणपोळ्या केल्या. विचार करा — पुरणपोळ्या! तिने दोन खाल्ल्या आणि छान झाल्यात म्हणाली.

पुढचं सगळं माझ्या मनासारखं झालं. ती परीक्षा पास झाली, बँकेत लागली, आता बरेलीला आहे. शेजारच्या भाभी म्हणतात, बेटी को क्या बढ़िया लाइन पर लगाया आपने. मी हसते. नोकरी चांगली आहे, केतकी कुढत बसलेली नाही, हेही खरं. पण एक गोष्ट मी बघत होते आणि न बघितल्यासारखं करत होते. त्या दिवसानंतर तिने काही खोललं नाही. स्कूटर अडली की मेकॅनिक. पंख्याचा रेग्युलेटर बिघडला की इलेक्ट्रिशियनला फोन. एकदा साधा प्लग बदलायचा होता, यजमान म्हणाले, कर ना तू, तर ती हसून म्हणाली, "मुझसे नहीं होता ये सब, पापा." शाळेत मिक्सर दुरुस्त करणारी माझी मुलगी. मी तेव्हा कणीक मळत होते. ती उगाचच मळत राहिले.

झालं ते चांगलंच झालं, हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलं आहे की त्याची पार चिंधी झाली आहे.

ह्या नवरात्रात केतकी सुट्टी घेऊन आली. दुसऱ्याच दिवशी स्टूल घेऊन माळ्याशी उभी. ते खोकं खाली काढलं, धूळ पुसली आणि त्याच टेबलावर ठेवलं. मी विचारलं, हे आता कशाला? "बस, देखना है. हुआ तो हुआ," ती म्हणाली. सहज म्हणाली, पण काच काढायच्या आधी तिने कपाटाला हात लावला. लोखंडी कपाटाला. ती सवय गेली नव्हती. ते बघून माझे डोळे भरून आले.

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. नवा पेनड्राइव्ह, आकडा, अर्ध्यावर तोच निरोप. ती पाठ टेकून बसली. मला तिचा चेहरा दिसत होता. आता ती काच बसवेल आणि ह्या वेळी ते खोकं कबाडीवाल्याकडे जाईल, हे मला दिसत होतं. खरं सांगू? मी काही न बोलता निभावून नेऊ शकले असते. इतक्या वर्षांत कुंकू काळं पडलं असेल, धूळ म्हणून खपलं असतं. हा विचार माझ्या मनात येऊन गेला. तोही कबूल करते.

मी म्हणाले, "डावीकडची पट्टी काढ. ती मी काढली होती."

तिला कळलंच नाही. मग मी सांगितलं. करंडा, झाकण, ओघळ, दाणे, पदर — सगळं. सांगताना मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुढे जाता आलं नसतं. तिने पट्टी काढून उजेडात धरली. लाल अजून होतं, दातांच्या फटीत, एका कडेला. मला वाटलं ती ओरडेल. ती फक्त एवढंच म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, "मला जे बोललीस, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले.

ती उठून बाल्कनीत गेली. खाली भाजीवाला भैया ओरडत गेला, कुणाचा तरी कुकर वाजला. मी टेबलाशी बसून राहिले. तिच्या मागे जावंसं वाटत होतं, समजूत घालावीशी वाटत होती, आणि पहिल्यांदाच मला कळलं की आता समजूत घालण्याचा अधिकार माझा नाही. पुष्कळ वेळाने ती आली. डोळे पुसलेले होते. म्हणाली, "रबर है घर में? पेन्सिलवाला." मी देवघराच्या खणातून खोडरबर काढून दिलं. तिने ते सोनेरी दात हलक्या हाताने घासले. मऊ ब्रशने खाच झाडली. मला म्हणाली, टॉर्च धर. मी धरला. "दुसरा हात मागे," ती म्हणाली. मी दुसरा हात पाठीमागे नेला.

पट्टी बसली. टक्. आकडा चढायला लागला. अर्ध्यापर्यंत आला. अर्ध्याच्या पुढे गेला. मी टॉर्च विझवायचा विसरून गेले होते. तो आकडा शेवटपर्यंत गेला, पडदा काळा झाला, पुन्हा उजळला आणि नाव विचारू लागला. केतकीने नाव लिहिलं. तिची जीभ बाहेर आली होती.

ती मला माफ केलं असं म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. खंडेनवमीला मी सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहिलं, ते एक सोडून. केतकीने ते बघितलं. बरेलीला निघताना ती दर वेळी वाकून नमस्कार करते. ह्या वेळी केला नाही. कॉम्प्युटर तिच्या दोन्ही हातांत होता, म्हणून असेल. तसंच असेल असंही नाही. गाडीत मागच्या सीटवर तिने तो स्वतःच्या शेजारी ठेवला आणि त्याला पट्टा बांधला.

पुढे ती काय करेल, मला ठाऊक नाही. बँक सोडेल का, दोन्ही करेल का, हे ह्या वेळी मी ठरवलेलं नाही. यजमानांना हे आज वाचून दाखवणार आहे, त्यांनाही कळू दे.

गेल्या रविवारी तिचं एक चित्र आलं फोनवर. एक घर होतं. उन्हातलं, दोन मजली, बाल्कनीत वाळत घातलेली निळी चादर. मी चष्मा लावून बघितलं, मोठं करून बघितलं. चादरीच्या घड्यासुद्धा काढल्या होत्या तिने. खाली तिने एकच ओळ लिहिली होती, मराठीत. "हे माझ्या हातचं."

मग लिहिलं, "हो. तुझ्याच हातचं. तेव्हाही होतं."